परक्या वखारीतील चित्रपट

चित्रपट पाहावयाचा तर घराबाहेर पडले पाहिजे, ही अट मोडून आता बरीच वर्षे लोटली. रात्रीची जेवणे आटोपतात, दिवाणखान्यात मंडळी जमतात, कोणीतरी यंत्राची कळ दाबतो आणि क्षणार्धात पडद्यावर चित्र हलू लागते. हे चित्र येते कोठून, असे घरातील एखादे लहान मूल विचारते. त्याला उत्तर मिळते, ‘क्लाउडमधून.’ मूल खिडकीतून आभाळाकडे पाहते. वडील मंडळींना त्याचे हसू येते. परंतु क्लाउड म्हणजे नेमके काय, असे त्यांनाच विचारले तर त्यांच्यापैकी कित्येकांची नजरही आभाळाकडेच वळण्याचा संभव आहे.

हा मेघ आभाळात नाही, जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत मांडणीवर मांडणी रचून हजारो संगणक ठेवलेले असतात, ते तापू नयेत म्हणून थंड हवेचे झोत अहोरात्र सोडलेले असतात, आणि ही सारी यंत्रसामग्री भाड्याने दिली जाते. ज्याला जेवढी जागा हवी तेवढी त्याने घ्यावी व वापरली तेवढ्याचेच भाडे द्यावे. धान्याच्या व्यापाऱ्याने स्वतःचे कोठार न बांधता दुसऱ्याच्या वखारीत पोती ठेवावीत, तसाच हा व्यवहार. ॲमेझॉन ह्या अमेरिकन कंपनीने अशा वखारींचा एक समूह २०१६ साली मुंबई परिसरात सुरू केला.

आता नेटफ्लिक्स कंपनीचे उदाहरण पाहावे. १९९७ साली निघालेली ही कंपनी प्रारंभी चित्रपटांच्या तबकड्या टपालाने भाड्याने पाठवीत असे. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिच्या स्वतःच्या संगणकांतील नोंदींचा साठा बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना तबकड्या रवाना करता आल्या नाहीत. ह्या फजितीनंतर कंपनीने आपले बिऱ्हाड हळूहळू भाड्याच्या वखारीत हलविण्याचे ठरविले. ते हलविण्यास सुमारे सात वर्षे लागली. २०१६ च्या जानेवारीत काम पुरे झाले. मौज ही की, वखार ॲमेझॉनची, आणि ॲमेझॉन स्वतःही घरोघर चित्रपट दाखविण्याच्याच धंद्यात आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून तयार केलेला माल एका दुकानदाराने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्याच वखारीत नेऊन ठेवला, आणि तरीही त्याला स्वस्थ झोप लागते. ती का लागते, हे पाहण्यासारखे आहे. आणि त्याहूनही पाहण्यासारखे हे की, ह्या साऱ्या व्यवस्थेत चित्रपट पाहणाऱ्या गृहस्थाच्या झोपेचा विचार कोणी केला आहे काय.

दुकानदाराच्या झोपेचे कारण कुलूप हे होय. चित्रपट वखारीत जातो तो कूटबद्ध होऊन. त्यातील प्रत्येक आकडा एका गुप्त किल्लीच्या साह्याने असा उलटापालटा केलेला असतो की, किल्लीवाचून पाहणाऱ्यास निरर्थक अंकांच्या राशीपलीकडे काही दिसू नये. हल्ली सर्वत्र रूढ असलेली कूटपद्धती दोन बेल्जियन गणितज्ञांनी रचली आणि अमेरिकन सरकारने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यातील लहानात लहान किल्ली १२८ घरांची असते. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. अशा किल्ल्या किती संभवतात, ती संख्या लिहावयाची झाली तर ३९ अंक मांडावे लागतात. एकेक किल्ली लावून पाहण्याचा उद्योग कोणत्याही चोराच्या, किंबहुना कोणत्याही साम्राज्याच्या आयुष्यात पुरा होणारा नाही.

व्यवस्थेचे मर्म मात्र कुलपापेक्षा किल्ली कोठे ठेवली ह्यात आहे. पेटी वखारीत आणि किल्ली मालकापाशी, असा हा विभाग आहे. वखारवाला पेटी सांभाळतो, मागणी येईल तिकडे पोचवितो, परंतु आत काय आहे हे त्याला उघडून पाहता येत नाही. वर्गणी भरलेल्या ग्राहकाचे यंत्र किल्लीसाठी मालकाच्या दाराशी वेगळा निरोप धाडते आणि खातरजमा झाल्यावर किल्ली त्या यंत्रापुरतीच मिळते. चित्रपटगृहांच्या बाबतीत तर ह्याहून बंदोबस्त आहे. तेथे पाठविलेली किल्ली अमुक गृहातील अमुक यंत्रावर, अमुक तारखेच्या अमुक तासापासून अमुक तासापर्यंतच चालते. मुदत संपली की तीच किल्ली निरुपयोगी.

तथापि कुलूप हे वाटेतल्या चोरापासून रक्षण करते. घरात पोचलेल्या पाहुण्यापासून नव्हे. चित्र पाहावयाचे म्हणजे ते कोठेतरी उघडावे लागणारच, आणि उघडलेल्या चित्रासमोर कॅमेरा धरणारा मनुष्य कोणत्याही किल्लीने अडत नाही. शिवाय कुलूपच कच्चे असले तर ते फुटतेही. चित्रपटांच्या तबकड्यांना पूर्वी घातलेले कुलूप अवघ्या ४० घरांचे होते. १९९९ साली नॉर्वेतील एका पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या अनामिक साथीदारांच्या मदतीने ते उघडण्याची युक्ती जगजाहीर केली. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ साली तो निर्दोष सुटला.

कुलपाची मर्यादा ओळखल्यावर मालकांनी दुसरा उपाय योजिला तो खुणेचा. धोब्याच्या कपड्यांवरील खुणेसारखीच ही खूण. भेद एवढाच की ती डोळ्यांना दिसावयाची नाही. चित्रातील ठिकठिकाणच्या उजेडात केसभर फरक करावयाचा, तो असा की एका चित्रात तो कोणाच्या लक्षात येऊ नये, परंतु शेकडो चित्रे एकत्र पडताळून पाहणाऱ्या संगणकाला त्यातून काही अंक वाचता यावेत. अमेरिकेतील मोठ्या चित्रपटसंस्थांनी चित्रपटगृहांसाठी जी प्रमाणे ठरविली आहेत, त्यांत ही खूण ३५ घरांची असावी असे सांगितले आहे. त्यांपैकी १६ घरे वेळेसाठी. दर पंधरा मिनिटांची एक, अशा ३६६ दिवसांच्या ३५,१३६ वेळा होतात. त्या १६ घरांत सहज मावतात. उरलेल्या १९ घरांत ५,२४,२८८ निरनिराळ्या यंत्रांचे क्रमांक बसतात. आणि ही सबंध खूण चित्रपटाच्या कोणत्याही पाच मिनिटांच्या तुकड्यातून वाचता आली पाहिजे, अशी अट आहे. अर्थात एखाद्या चित्रपटगृहात कोणी खिशातला कॅमेरा काढून पडद्याचे चित्र उतरविले, तर त्या चोरट्या प्रतीतूनच कळते की हे काम अमुक पडद्यासमोर, अमुक दिवशी, अमुक प्रहरी झाले. चोर आपल्याच लुटीत आपला पत्ता लिहून जातो.

चित्रपटगृहांची संख्या हजारांत मोजता येते. घरोघरच्या ग्राहकांची गोष्ट निराळी. तेथे कोटींचा हिशेब. प्रत्येकासाठी निराळी खूण घालून निराळी प्रत ठेवावयाची म्हटले तर जगातल्या सर्व वखारी अपुऱ्या पडतील. ह्यावर जी तोड निघाली ती इतकी साधी आहे की, ती शाळेतल्या मुलाला सुचावयास हवी होती असे वाटते. चित्रपटाचे काही काही सेकंदांचे तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकड्याच्या केवळ दोन प्रती करावयाच्या. एकीत ‘अ’ खूण, दुसरीत ‘ब’. वखारीत माल दुप्पट झाला, त्याहून अधिक नव्हे. आता एका ग्राहकाला अ, ब, ब, अ अशा क्रमाने तुकडे पाठवावयाचे, दुसऱ्याला ब, ब, अ, अ अशा. तुकडा सहा सेकंदांचा धरला तर तीन मिनिटांत ३० तुकडे होतात, आणि ३० तुकड्यांचे १,०७,३७,४१,८२४ निरनिराळे क्रम संभवतात. बुद्धिबळाच्या पटावर दर घरी दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. विशेष हे की, दोन्ही प्रती कुलूपबंदच असतात. कोणता तुकडा कोणास धाडावा एवढेच वखारीला सांगावयाचे, पेटी उघडण्याचे कारण पडत नाही.

परंतु चोर एकटा नसेल तर? दोन ग्राहकांनी आपापल्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या जेथे जेथे भिन्न असतील तेथे तेथे खूण आहे हे त्यांना कळते, आणि मग तुकडे मिसळून ते तिसऱ्याच कोणाची वाटावी अशी प्रत तयार करू शकतात. अशा कटातूनही निदान एक तरी खरा अपराधी ओळखता यावा, अशा खुणा कशा रचाव्यात ह्याचा विचार डॅन बोनेह व जेम्स शॉ ह्यांनी १९९५ साली मांडला. २००३ साली गाबोर तार्दोश ह्या हंगेरियन गणितज्ञाने तशा खुणांची रचना पुष्कळ आखूड करून दाखविली. तथापि कटातली माणसे दुप्पट झाली की खूण चौपट लांब लागते, हा हिशेब त्यालाही चुकविता आला नाही. दोन तासांच्या चित्रपटात सहा सेकंदांचे तुकडे १२०० च पडतात. कट मोठा असला की एवढी जागा पुरत नाही, आणि तेथे ह्या विद्येचे हात टेकतात.

येथवर जे सांगितले ते सारे मालकाच्या बाजूचे. पाहणाऱ्याच्या बाजूने ह्याच गोष्टीकडे पाहिले की तिचे रूप बदलते. प्रत्येकाला निराळा क्रम द्यावयाचा म्हणजे कोणाला कोणता क्रम दिला ह्याची वही ठेवणे आलेच. आणि त्या वहीत नुसता क्रम नसतो. कोणी, काय, कोणत्या रात्री, किती वाजेपर्यंत पाहिले, मधूनच का सोडून दिले, हेही आपोआप टिपले जाते. चोर सापडावा म्हणून ठेवलेल्या वहीत सर्वांत अधिक पाने साव माणसांचीच असतात.

अमुक गृहस्थ कोणते चित्रपट पाहतो हे कळले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. १९८७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी रॉबर्ट बोर्क ह्या न्यायाधीशांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविले. त्यांच्या नेमणुकीवर वाद चालू असता वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाच्या बातमीदाराने ते ज्या दुकानातून चित्रपट भाड्याने आणीत तेथून त्यांची यादी मिळविली आणि ती छापली. यादीत १४६ चित्रपट होते. त्यांत आक्षेप घ्यावा असे काहीच नव्हते. बोर्क ह्यांची नेमणूक नामंजूर झाली ती अन्य कारणांनी. परंतु ही यादी छापून आलेली पाहताच तेथील लोकप्रतिनिधींना आपापल्या याद्या आठवल्या असाव्यात. कारण पुढल्याच वर्षी, १९८८ साली, भाड्याने नेलेल्या चित्रपटांची माहिती दुकानदाराने ग्राहकाच्या संमतीवाचून उघड करू नये असा कायदा झाला. खासगीपणाचा सर्वसाधारण हक्क राज्यघटनेत आढळत नाही, असे मत बोर्क ह्यांनीच पूर्वी मांडलेले होते, हा ह्या कथेतील योगायोग.

नाव काढून टाकले की माहिती निरुपद्रवी होते, अशी एक समजूत आहे. तीही फोल ठरली. २००६ साली नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरांची एक स्पर्धा लावली. ग्राहकाला कोणता चित्रपट आवडेल ह्याचा अंदाज अधिक अचूक वर्तवावयाचा, अशी ती होती. स्पर्धकांच्या अभ्यासासाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले सुमारे दहा कोटी गुण तारखांसह प्रसिद्ध करण्यात आले. नावे अर्थातच वगळलेली होती. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन व व्हिताली श्माटिकोव्ह ह्यांनी दाखवून दिले की, एखाद्याने पाहिलेले आठ चित्रपट ठाऊक असले, त्यांतले दोन सपशेल चुकीचे असले आणि तारखांत चौदा दिवसांची चूक असली, तरीही त्या राशीतून शंभरांपैकी नव्याण्णव जणांची ओळ नेमकी वेगळी काढता येते. चहाच्या वेळी सहज बोलताना मनुष्य आठ चित्रपटांविषयी बोलून जातो. तेवढ्यावरून त्याने कोणालाही न सांगितलेल्या शेकडो चित्रपटांची यादी हाती येणार. पुढे एका स्त्रीने नाव न सांगता कंपनीवर फिर्याद केली, आणि २०१० साली कंपनीने आपली दुसरी स्पर्धा रद्द केली.

ह्याहूनही चमत्कारिक गोष्ट २०१७ साली उघडकीस आली. श्माटिकोव्ह ह्यांनीच आपल्या दोन सहकाऱ्यांसह असे सिद्ध केले की, कुलूपबंद चित्रपट तारेतून जात असता कुलपाला हातही न लावता तो कोणता चित्रपट आहे हे ओळखता येते. कारण असे की, तुकडे काही सेकंदांचे असले तरी सर्व सारख्या वजनाचे नसतात. शांत सरोवराचे दृश्य थोड्या अंकांत मावते. लढाईच्या किंवा नाचाच्या दृश्याला पुष्कळ अंक लागतात. हलका, हलका, जड, हलका, जड, जड, अशी ही तुकड्यांची चाल प्रत्येक चित्रपटाची निराळी असते. पाकीट डिंकाने पक्के बंद केलेले, पण तराजूत टाकताच आतला मजकूर कळावा, असा हा प्रकार झाला. ह्यावर उपाय आहे. सर्व पाकिटांत कोरे कागद भरून ती एकाच वजनाची करावयाची. परंतु कोऱ्या कागदालाही टपालहशील पडतेच, आणि ते भरावयाचे कोणी ह्यावर गाडे अडते.

वही फुटणे हे एक संकट झाले. दुसरे त्याहून गंभीर आहे, ते खोट्या आळाचे.

अमेरिकेत पारितोषिकांसाठी मते देणाऱ्या सभासदांना नवे चित्रपट घरी पाहावयास पाठविण्याची चाल आहे. २००४ साली त्यांतील एका चित्रपटाची चोरटी प्रत बाहेर आली आणि तिच्यावरील खुणेवरून ती कार्माइन कारिडी ह्या नटाला दिलेली प्रत असल्याचे निघाले. त्याने ती एका मित्राला पाहावयास दिली होती आणि नक्कल केली त्या मित्राने. कारिडी ह्याची संस्थेतून हकालपट्टी झाली. प्रत दुसऱ्याला देऊ नये हा नियम त्याने मोडला, तेव्हा शिक्षा अन्यायाची म्हणता येणार नाही. परंतु खूण काय सांगते, हे ह्यावरून स्पष्ट होते. प्रत कोणाला दिली होती एवढेच ती सांगते. नक्कल कोणी केली हे सांगत नाही.

आणि समजा, प्रत ग्राहकाकडून बाहेर गेलीच नसेल तर? खूण घालतो विक्रेता. कोणाच्या प्रतीत कोणती खूण आहे हे ठाऊक असते विक्रेत्याला. तेव्हा त्याच्या पेढीतील एखाद्या असंतुष्ट कारकुनाने अमुक ग्राहकाची खूण घातलेली प्रत परस्पर बाजारात सोडली, तर त्या ग्राहकाने आपले निरपराधित्व सिद्ध करावे कसे? त्याच्यापाशी पुरावा नाही. उलट पक्षी, खरा चोर पकडला गेला तरी तो हेच म्हणेल की, प्रत तुमच्याच घरून गेली. म्हणजे ही खूण न्यायाधीशापुढे सावाला वाचवीत नाही आणि चोराला पुरती पकडीतही नाही. बिर्गिट फित्समान व मथायस शुंटर ह्या जर्मन अभ्यासकांनी १९९६ साली ह्या दोषावर बोट ठेवले. आणि २००१ साली नासिर मेमन व पिंग वाह वाँग ह्यांनी त्यावर एक सुरेख तोड प्रसिद्ध केली. विक्रेत्याने खूण घालावी, पण आपण कोणती प्रत तयार केली हे त्याला स्वतःलाच दिसू नये, अशी ती तोड आहे.

हे अशक्य वाटते खरे. ज्या पेटीत वस्तू घालावयाची ती पेटी बंदच ठेवून तीत वस्तू कशी घालावी? श्रोत्यांपैकी ज्यांच्या हाताशी कागद-पेन्सिल असेल त्यांना हे स्वतः करून पाहता येईल. एक कुलूप असे घ्यावे: संख्येचा घन करावयाचा, त्याला ३३ ने भागावयाचे आणि बाकी ठेवावयाची. ३ चा घन २७. तो ३३ हून लहान, म्हणून ३ ची बंद पेटी २७. ५ चा घन १२५. ३३ ने भागून बाकी २६, म्हणून ५ ची बंद पेटी २६. आता ह्या दोन बंद पेट्या एखाद्या त्रयस्थाच्या हाती द्याव्यात. आत काय आहे हे त्याला सांगू नये. नुसता गुणाकार करावयास सांगावे. २७ गुणिले २६ म्हणजे ७०२, ३३ ने भागून बाकी ९. ही नऊची बंद पेटी त्याने परत आणून दिली. ती उघडण्याची किल्ली आहे सातवा घात. ९ चा सातवा घात ४७,८२,९६९. ३३ ने भागले असता बाकी उरते १५. तीन पाचे पंधरा! गुणाकार त्रयस्थाने केला, बरोबर केला, आणि तीन, पाच व पंधरा ह्यांपैकी एकही आकडा त्याने पाहिला नाही. ३३ च्या जागी शेकडो अंकांची संख्या घातली, म्हणजे रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन ह्यांची १९७८ साली प्रसिद्ध झालेली कूटपद्धती होते. तिच्यात घन करावयाची रीत सर्वांना सांगितलेली असते, सातव्या घाताचे गुपित मात्र मालकापाशीच राहते. पास्काल पाय्ये ह्या फ्रेंच गृहस्थाने १९९९ साली अशी पद्धती शोधली की, बंद पेट्यांचा गुणाकार केला असता आतल्या संख्यांची बेरीज व्हावी. चित्रात खूण मिळवावयाची म्हणजे आकड्यांत आकडे मिळवावयाचे. तेव्हा खुणेच्या कामी ही बेरीजच उपयोगी पडते.

मेमन व वाँग ह्यांची रीत थोडक्यात अशी. ग्राहकाचे स्वतःचे एक कुलूप असते. ते कोणीही लावावे, उघडण्याची किल्ली मात्र त्याच्या एकट्यापाशी. एक तटस्थ मंडळ ग्राहकासाठी खूण तयार करते आणि ती ग्राहकाच्या कुलपात बंद करून विक्रेत्याकडे धाडते. विक्रेता त्या बंद खुणेचा क्रम आपल्या मनाने फिरवितो आणि ती बंद असतानाच चित्रपटात मिळवितो. तयार झालेली बंद प्रत ग्राहकाकडे जाते. ती उघडू शकतो फक्त ग्राहक. आता पाहावे: विक्रेत्याने खूण उघडी पाहिलीच नाही, म्हणून तो तशी प्रत बनवून ग्राहकावर आळ घेऊ शकत नाही. ग्राहकाला खुणेचा फिरविलेला क्रम ठाऊक नाही, म्हणून तो ती पुसून टाकू शकत नाही. आणि चोरटी प्रत सापडलीच, तर त्या खुणेची प्रत तयार करू शकणारा जगात एकच मनुष्य असतो. ग्राहकाने खऱ्या नावाऐवजी टोपणनाव वापरावे, आणि खरे नाव न्यायाधीशाने विचारल्याशिवाय मंडळाने सांगू नये, अशी भर पुढील संशोधकांनी घातली.

ह्या ठिकाणी परक्या वखारीचा खरा उपयोग दिसून येतो. बंद पेट्यांवरील गणित फार जड असते. चित्रातील एका ठिपक्याच्या एका रंगाला आठ घरे पुरतात. पाय्ये ह्यांच्या पद्धतीने सुरक्षित कुलूप घालावयाचे तर त्याच संख्येला ४०९६ घरे लागतात, म्हणजे ५१२ पट. हल्लीच्या साध्या पडद्यावरसुद्धा एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात, आणि अशी चोवीस चित्रे एका सेकंदात सरकतात. म्हणून खूण सर्व ठिपक्यांत न घालता निवडक आकड्यांत घालतात, कित्येक आकडे एकाच पेटीत शेजारी शेजारी बसवितात, आणि उरलेले कष्ट भाड्याच्या संगणकांवर टाकतात. पेट्या बंदच असल्यामुळे हे परक्याकडे सोपविण्यास भय नाही. मालाचा रखवालदार म्हणून ठेवलेला वखारवाला येथे हिशेबनीसही होतो, तोही डोळे बांधलेला. बंद पेट्यांवर नुसती बेरीज किंवा नुसता गुणाकार नव्हे, तर वाटेल ते गणित करता येईल काय, हा प्रश्न १९७८ पासून पडून होता. क्रेग जेंट्री ह्याने २००९ साली तसे करता येते हे दाखविले. वेगाच्या दृष्टीने ती रीत अजूनही महागच आहे.

मेमन व वाँग ह्यांच्या रीतीला दोन तपे होऊन गेली. ह्या अवधीत तिच्यावर लेख पुष्कळ झाले; व्यापारात तिचा प्रसार फारसा झालेला नाही. कारण शोधावयास दूर जाण्याची जरुरी नाही. कुलपासाठी पैसा मालकाने मोजला, कारण नुकसान त्याचे होत होते. खुणेसाठीही त्यानेच मोजला. वही गुप्त राहावी आणि आळ खोटा येऊ नये ही गरज ग्राहकाची. आणि ग्राहकाने ती दुकानात कधी मागितलीच नाही. भारतातील कायद्यांतही हाच क्रम दिसतो. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्काच्या कायद्यात कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आली. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटाची चोरटी नक्कल करणाऱ्यास तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड सांगितला. खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. वैयक्तिक माहितीविषयीचा कायदा झाला तो २०२३ साली. मालकाच्या कुलपाची तरतूद आधी झाली, ग्राहकाच्या वहीची मागाहून.

असो. ग्राहक हा नेहमी ग्राहकच असतो असेही नाही. घरातील लग्नाची चित्रफीत, मुंजीची छायाचित्रे, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज हे सारे त्याच वखारीत जाऊन पडते, आणि तेथे तो गृहस्थ स्वतःच मालक होतो. ह्या पेट्यांना कुलूप असते, पण बहुधा किल्ली वखारवाल्याच्या जुडग्यात असते. ॲपल कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात अशी सोय सुरू केली की, ज्याची इच्छा असेल त्याने आपल्या छायाचित्रांची किल्ली एकट्यापाशी ठेवावी. कंपनीलाही ती उघडता येऊ नयेत. किल्ली हरवल्यास उपाय म्हणून एखादा विश्वासू मनुष्य नेमावा किंवा २८ अक्षरांची एक गुप्त ओळ जपून ठेवावी लागते, कारण कंपनी मग मदत करू शकत नाही. ब्रिटनमध्ये सरकारचा आग्रह पडल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने ही सोय तेथील नव्या ग्राहकांसाठी बंद केली.

ह्या सोयीतही एक अट आहे, ती वाचावयास हवी. छायाचित्रे स्वतःपुरती ठेवली तर हे कुलूप चालते. तीच सामाईक अल्बममध्ये घालून नातेवाइकांना दाखवावयास काढली, किंवा दुवा हाती असेल त्या कोणालाही पाहता यावीत अशा रीतीने पाठविली, की त्यांना हे विशेष कुलूप लागत नाही. तेव्हा बडोद्याच्या मावशींना लग्नाची चित्रफीत धाडावयाची असेल, तर ती आधी आपल्या संगणकावरच कुलूपबंद करावी, दुवा पत्राने पाठवावा आणि उघडण्याचा शब्द दूरध्वनीवरून सांगावा. मावशींना थोडा त्रास पडेल, आणि तो शब्द त्या दोनदा विचारतील.